एका टेबलाच्या दोन बाजू

इतिहास विषय घेऊन एम. ए. होणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला जेम्स मिल येतोच. इतिहासलेखनाच्या पेपरात त्याच्यावर एक प्रश्न हमखास ठरलेला. हिंदुस्थानच्या इतिहासाचे हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश असे तीन कालखंड पाडणारा तो हाच. या देशात त्याने एकदाही पाऊल टाकले नाही, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. तरीही त्याने ‘ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास’ तीन जाडजूड खंडांत लिहिला. वर प्रस्तावनेत बजावले, की हिंदुस्थान न पाहणे हा काही दोष नव्हे. इंग्लंडमध्ये खोलीत बसून कागदपत्रे वाचणाऱ्याला वर्षभरात जे कळेल, ते तिकडे जन्म काढून नुसत्या डोळ्याकानांवर विसंबणाऱ्याला कळायचे नाही. हे वाचून विद्यार्थिदशेत आमचे रक्त तापत असे. मीही त्याच्यावर लांबलचक उत्तर लिहून गुण मिळवले, आणि या गृहस्थाशी आपला हिशेब मिटला असे समजून चाललो.

बऱ्याच वर्षांनी तो मला पुन्हा भेटला, तो बाप म्हणून. आणि त्या भेटीत त्याला नावे ठेवण्याची माझी छाती झाली नाही. ती हकीकत आज सांगणार आहे.

आधी त्या घरातले दृश्य पाहू. जेम्स मिलने इतिहास लिहायला घेतला १८०६ च्या सुमारास. त्याच वर्षी २० मे रोजी लंडनमध्ये त्याला पहिला मुलगा झाला. तोच पुढे प्रसिद्धीस आलेला जॉन स्टुअर्ट मिल. इतिहास तीनेक वर्षांत हातावेगळा होईल असा बापाचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्याला बाराएक वर्षे लागली. म्हणजे ग्रंथ आणि मुलगा एकाच घरात, एकाच वेळी वाढत होते. आणि तेही एकाच खोलीत, एकाच टेबलावर. टेबलाच्या एका बाजूला बाप हिंदुस्थानचा इतिहास लिही, दुसऱ्या बाजूला मुलगा ग्रीक शिके. मुलाच्या ग्रीकचा श्रीगणेशा झाला तेव्हा त्याचे वय होते तीन वर्षे.

तेव्हा ग्रीक शब्दांचे अर्थ इंग्रजीत देणारा कोश विद्यार्थ्यांच्या हाती नव्हता. होता तो लॅटिनमधून, आणि लॅटिन तर या मुलाचे आठव्या वर्षी सुरू व्हायचे होते. तेव्हा प्रत्येक अडलेल्या शब्दाला तो समोर बसलेल्या बापाला विचारी, आणि बाप लेखणी थांबवून अर्थ सांगे. मुलाने पुढे आत्मचरित्रात नोंदवले आहे, की माझा बाप जगातल्या अत्यंत उतावळ्या माणसांपैकी एक. तरी त्याने ही सततची अडवणूक सोसली आणि त्यातच इतिहासाचे खंड लिहिले. त्या काळी त्याला नोकरी नव्हती. मासिकांतून लेख लिहून मिळेल त्यावर वाढता संसार चालवायचा. पुढे एकंदर नऊ मुले झाली. अशा ओढगस्तीत एखाद्या माणसाने पोराला ‘जा, बाहेर खेळ’ असे म्हटले असते तर त्याला कोणी दोष दिला नसता. या बापाने तसे म्हटले नाही. तसे म्हटले नाही हेच त्याचे मोठेपण, आणि मुलाचे दुर्दैवही.

कारण तो मुलगा बाहेर खेळायला गेलाच नाही. इसापच्या नीतिकथांपासून प्रारंभ झाला, मग झेनोफन, आणि आठ वर्षांच्या आत हिरोडोटस संपूर्ण. सातव्या वर्षी प्लेटोचे सहा संवाद झाले. त्यांतला शेवटचा वगळला असता तर बरे झाले असते, कारण तो मला कळणे शक्यच नव्हते, असे त्याने नंतर लिहिले. सकाळी न्याहारीपूर्वी बापलेक फिरायला जात. आदल्या दिवशी वाचलेल्या इतिहासग्रंथांची टिपणे मुलगा चिठोऱ्यांवर उतरून घेई आणि चालता चालता बापाला गोष्टीसारखी सांगे. बाराव्या वर्षी तर्कशास्त्र, तेराव्या वर्षी रिकार्डोचे अर्थशास्त्र. सुट्टी कधीच नाही, कारण सुट्टीने कामाची सवय मोडते आणि आळसाची गोडी लागते. इतर मुलांची संगत नाही, कारण त्यांच्यापासून गावंढळपणा शिकेल. खेळणी जवळजवळ नाहीत. गोष्टीची पुस्तके कोणी कधी भेट दिली तर तेवढीच. आठव्या वर्षापासून धाकट्या बहिणीला लॅटिन शिकवण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. पुढे एकेक भावंड वाढले तसे ते ओझेही वाढले. भावंडांचा धडा चुकला, की जाब याला.

मी मास्तर माणूस, म्हणून मला त्यातला एक प्रसंग फार लागला. बाप मुलाकडून मोठ्याने वाचून घेत असे. आवाजाचा चढउतार कुठे हवा, कुठे थांबावे, कशावर जोर द्यावा, याचे नियम बापाने स्वतः विचार करून बसवले होते. वाचनात मुलगा रोज चुके आणि बाप रोज संतापे. कुठे चुकले आणि कसे वाचायला हवे होते, हे तो तपशीलवार सांगे. परंतु स्वतः एक वाक्य वाचून दाखवी, असे मात्र कधी घडले नाही. मुलाने हे अवघ्या दोन-चार वाक्यांत लिहिले आहे, तक्रारीचा सूर न लावता. ते वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवले. आजवर मी किती मुलांच्या वाचनातल्या चुका काढल्या आणि किती जणांना स्वतः वाचून दाखवले, याचा हिशेब मनात सुरू झाला. तो माझ्या बाजूने लागेना.

आता असा हा बाप असा का झाला, हेही पाहिले पाहिजे. इतिहास म्हणजे नुसता निकाल नव्हे, कारणेही शोधावी लागतात. जेम्स मिल स्कॉटलंडमधल्या नॉर्थवॉटर ब्रिज या खेड्यात १७७३ मध्ये जन्मला. बाप जोडे शिवणारा. आई इझाबेल, माहेरची बऱ्या घराण्यातली. आपला हा थोरला मुलगा शिकून मोठा होणार हे तिने ठरवून टाकले होते. म्हणून ती त्याला बापाच्या कामाला हात लावू देत नसे, शेतावरही जाऊ देत नसे. घरातले बाकीचे राबत आणि हा पुस्तक घेऊन बसे. सर जॉन स्टुअर्ट नावाच्या एका जमीनदाराच्या आश्रयाने तो एडिंबराच्या विद्यापीठात गेला, धर्मोपदेशकाची परीक्षा दिली, तो व्यवसाय काही जमला नाही, आणि १८०२ मध्ये नशीब काढायला लंडनला आला. आश्रयदात्याचेच नाव त्याने थोरल्या मुलाला दिले. चांभाराच्या दुकानातून हिंदुस्थानचा इतिहासकार होईपर्यंतच्या वाटेवर ज्याला एकही चूक परवडण्यासारखी नव्हती, तो माणूस मुलाला चूक कशी परवडू देणार?

हे मला चटकन समजले, कारण ते मला परके नव्हते. माझे वडील वडगावात मागावर बसत. घरातली इतर मुले शाळा सुटल्यावर कांड्या भरत. मला मात्र आई कांडीला हात लावू देत नसे. “त्याला अभ्यास आहे,” हे तिचे वाक्य ठरलेले. मागाच्या खडखडाटात मी सनावळ्या पाठ केल्या. पहिल्या नंबराने पास झालो नाही तर भावंडांच्या कांड्या फुकट गेल्या, हे मला कोणी सांगावे लागत नव्हते. अशा रीतीने शिकलेला माणूस पुढे मुख्याध्यापक होतो, आणि बाप होतो. चूक म्हणजे काहीतरी कर्ज बुडवणे, अशी त्याची पक्की समजूत झालेली असते.

त्यातून आमचा प्रदेश सीमेवरचा. इथे मराठी ही नुसती भाषा राहिलेली नाही, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आम्हां इकडच्या मराठी माणसांच्या मनात एक धास्ती कायमची बसली आहे. आपले मराठी बिघडले तर आपण काय राखले? गल्लीत कन्नड, बाजारात दोन्ही, शाळेत मराठी, आणि सुट्टीत पुण्याहून पाहुणे आले, की आमच्या मुलांच्या बोलण्याला हसणार. आमच्याकडच्या मुली ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असे बोलतात. आमच्या आया-आज्याही तसेच बोलत आल्या. पण माझी मुलगी तसे बोलली, की माझी जीभ आपोआप चाले : ‘आलो नव्हे, आले.’ ती शाळेतून धावत येऊन काही सांगू लागे, “बाबा, मी आज पहिला आलो!” आणि मी म्हणे, “पहिली आले.” ती क्षणभर थांबे, वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हणे, पण दुसऱ्या खेपेला त्यात धावत आलेल्या मुलीचा दम उरलेला नसे.

काही वर्षांनी माझ्या लक्षात आले, की ती स्वयंपाकघरात आईपाशी बसून तासभर काय काय सांगते, हसते, नकला करते. आणि मी दारात आलो, की गोष्ट संपलेली असते. माझ्याशी ती अगदी शुद्ध बोले. आणि फार थोडे बोले.

आता पुन्हा लंडनला जाऊ.

१८१९ मध्ये जेम्स मिलला, बऱ्याच अंशी त्या इतिहासाच्या बळावर, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत जागा मिळाली. त्याच्या आदल्याच वर्षी पेशवाई बुडाली होती, आणि बेळगावचा किल्लाही मन्रोच्या फौजेने घेतला होता. म्हणजे आमच्या मुलखाचा कारभार ज्या खलित्यांवर चालायचा, ते लिहिणाऱ्यांत हा माणूस आला. १८२३ मध्ये त्याने सतरा वर्षांच्या मुलालाही त्याच कचेरीत, स्वतःच्या हाताखाली चिकटवले. पुढे पस्तीस वर्षे, १८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपेपर्यंत, जॉन तिथेच होता. बापाची योजना बिनचूक पार पडली होती. विशीतला मुलगा वादविवादात भल्याभल्यांना हरवत होता, मासिकांतून लिहीत होता, समाजसुधारणेचे ध्येय त्याच्या मनात पक्के होते. एखाद्या बापाने आणखी काय मागावे?

१८२६ च्या शरद ऋतूत हा मुलगा आतून कोसळला. एके दिवशी त्याने स्वतःलाच प्रश्न केला : समज, ज्या सुधारणांसाठी तू झटतो आहेस त्या सगळ्या या क्षणी झाल्या, तर तुला मोठा आनंद होईल का? आणि आतून स्पष्ट उत्तर आले, नाही. त्यासरशी जगण्याचा पायाच खचला. कशातही गोडी वाटेना. कचेरीचे काम, लेखन, भाषणे सवयीने होत राहिली. बाहेरून कोणाला काही कळले नाही. कित्येक महिने असे गेले.

आणि इथे ते वाक्य येते, ज्याच्यासाठी हा सारा लेख लिहितो आहे. मी त्याचा आशय सांगतो. जॉन म्हणतो, की अशा वेळी बापाकडे जाणे स्वाभाविक होते. पण या दुखण्यात ज्याच्याकडे जावे असा तो शेवटचा माणूस होता. त्याला हे कळलेच नसते. आणि कळले असते तरी हे दुखणे बरे करणारा वैद्य तो नव्हता. माझे शिक्षण ही सर्वस्वी त्याची करणी. ती फसली हे सांगून त्याला दुःख कशाला द्यायचे?

मुलाने बापापासून दुखणे लपवले ते भीतीमुळे असेल, पण तेवढ्यामुळे नव्हे. बापाला अपयशाचे दुःख होऊ नये म्हणून लपवले. जेम्स मिल १८३६ मध्ये वारला. आत्मचरित्र छापले गेले ते १८७३ मध्ये, मुलाच्याही मृत्यूनंतर. म्हणजे हे वाक्य बापाने कधी वाचले नाही.

मी ते वाचले. ते पुस्तक आमच्या शाळेच्या ग्रंथालयात होते. वार्षिक तपासणीत रद्दबातल करायच्या पुस्तकांच्या ढिगात ते निघाले. बांधणी सुटलेली, मागचा पुठ्ठा गेलेला. मिल हे नाव दिसले म्हणून घरी आणले. तो महिना आमच्या घरी बरा चाललेला नव्हता. मुलगी तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. एका वहीतून फेरपरीक्षेच्या फीची पावती माझ्यासमोर पडली. चौकशी केली तेव्हा कळले, की पहिल्या वर्षाचे तिचे दोन विषय राहिले होते. या गोष्टीला जवळजवळ वर्ष होत आले होते. तिच्या आईला माहीत होते, मावशीला माहीत होते, शेजारच्या काकूंनाही माहीत होते. घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होते.

मी आवाज चढवला नाही. नुसते विचारले, “मला का सांगितलं नाहीस?” ती म्हणाली, “तुम्ही रागावला नसता हो, बाबा. तुम्ही स्वतःलाच लावून घेतला असता.”

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, रात्री, मिलचे ते पान वाचले. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका मुलाने आणि माझ्या मुलीने एकच कारण दिले होते. ज्या घरात बाप स्वतःला चूक माफ करत नाही, त्या घरात मुले आपल्या चुका बापाला दाखवत नाहीत. ती बापाला सांभाळतात. वास्तविक सांभाळायचे कोणी कोणाला?

जॉन मिल त्यातून कसा बाहेर आला, तेही थोडक्यात सांगतो. मार्मोंतेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना, बाप वारल्यावर एक लहान मुलगा घरच्यांना धीर देतो, आता तुमच्यासाठी सर्व काही मी होईन असे ठरवतो, तो प्रसंग आला आणि याच्या डोळ्यांतून पाणी आले. आपण दगड झालेलो नाही, हे त्याला त्या अश्रूंनी समजले. बापाच्या मृत्यूचा प्रसंग वाचूनच बांध फुटावा, यातून पुढच्या अभ्यासकांनी नाना अर्थ काढले. त्यात आपण शिरू नये. १८२८ मध्ये त्याच्या हाती वर्ड्‌स्वर्थची कविता आली, आणि भावनेलाही जोपासावे लागते हे त्याला उमजले. पुढे तो ‘ऑन लिबर्टी’ (१८५९) आणि स्त्रियांच्या दास्याविरुद्धचा ग्रंथ (१८६९) लिहिणारा मिल झाला. आमच्याकडे आगरकरांच्या पिढीने ज्याला गुरुस्थानी मानले, तो हा. हिंदुस्थानी माणसे अजून स्वातंत्र्याला लायक झालेली नाहीत असे त्यालाही वाटत होते, हे विसरून चालणार नाही. बापाची छाया तेवढी राहिलीच. पण माणसाला आपल्या मनासारखे वाढू द्यावे, झाडासारखे वाढू द्यावे, यंत्रासारखे घडवू नये, हा विचार त्याने अशा तळमळीने का मांडला, हे ते टेबल पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

आता प्रश्न उरतो, की मुलाने शेवटी बापाचा न्याय कसा केला? मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून सर्वांत मोलाचे वाटले ते हे. आत्मचरित्राचा पहिला मसुदा पुढे १९६१ मध्ये छापला गेला. त्यात काही कडवट मजकूर आहे. आपण प्रेमाच्या अभावात आणि भीतीच्या छायेत वाढलो, असे त्याने तिथे लिहिले होते, आणि मागाहून ते काढून टाकले. छापलेल्या पुस्तकात राहिले ते असे : बापात मायेची उणीव होती, पण ती त्याच्या स्वभावात नसावी, भावना दाखवायची त्याला लाज वाटे, आणि न दाखवता दाखवता ती आटत गेली. भीतीमुळे मुलांचे प्रेम सुकते. मात्र ज्या विद्यार्थ्याला न जमणारे काही कधी सांगितलेच जात नाही, तो जमण्याजोगे सगळेही करत नाही, असेही तो म्हणतो. या शिक्षणाने आपल्याला बरोबरीच्यांपेक्षा पंचवीस वर्षांची आघाडी मिळाली, हे तो मोकळेपणाने कबूल करतो. ते शिक्षण घोकंपट्टीचे नव्हते, विचार करायला लावणारे होते, हेही आवर्जून सांगतो. शिव्या नाहीत आणि आरतीही नाही. एक खंत मात्र आहे. त्या पुस्तकात आईचा उल्लेख जवळपास नाहीच. नऊ मुले वाढवणारी ती बाई मुलाच्या हिशेबातून गळाली. न्यायी मुलाचाही न्याय पुरा नसतो.

आणि एक ओळ तो जाता जाता लिहून जातो. उतारवयात बाप निवळला होता. माझ्या धाकट्या भावंडांनी त्याच्यावर मनापासून प्रेम केले. माझ्याविषयी तेवढे म्हणता येत नसले तरी मी त्याच्याशी नेहमी एकनिष्ठ होतो. म्हणजे जेम्स मिलही बदलला होता. थोरल्याच्या वाट्याला जो बाप आला, तो धाकट्यांच्या वाट्याला आला नाही. एकाच माणसात दोन बाप होऊन गेले. पहिल्याला पुसून टाकता आले नाही, म्हणून दुसरा खोटा ठरत नाही.

त्याच्या ग्रंथाचे पुढे काय झाले, तेही गमतीचे आहे. त्याच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, १८४० पासून, होरेस हेमन विल्सन या संस्कृतच्या पंडिताने त्या इतिहासाची नवी आवृत्ती काढली. विल्सनने हिंदुस्थानात बरीच वर्षे काढली होती. त्याने मिलचा मजकूर तसाच ठेवला आणि खाली तळटीपा दिल्या : इथे लेखक चुकला आहे, इथे त्याला माहिती नव्हती, इथे त्याने अन्याय केला आहे. पानामागून पाने अशा टीपा. ज्याने मुलाला ‘आयडिया’ हा शब्द वापरलास तर त्याची व्याख्या सांग म्हणून तेराव्या वर्षी फैलावर घेतले, त्याच्याच ग्रंथाला दुसऱ्याने दुरुस्त्या लावल्या. पूर्वी मी हे वर्गात सांगताना मुलांबरोबर हसत असे. आता वाटते, ही पद्धत वाईट नाही. मूळ मजकूर फाडायचा नाही, झाकायचाही नाही. खाली प्रामाणिक टीप द्यायची आणि पुढचे पान उलटायचे. बापाने स्वतःच्या आयुष्याकडेही असेच पाहावे.

पण हे सुचायला मला वेळ लागला. त्याआधी मी दुसरी चूक केली. फीच्या पावतीनंतर मी आदर्श पश्चात्तापी बाप व्हायला निघालो. रोज संध्याकाळी मुलीपाशी बसू लागलो. ‘आज काय झालं, मोकळेपणानं सांग,’ असे म्हणून तिच्या तोंडाकडे पाहू लागलो. तिला बोलावे असे वाटो न वाटो, बरोबर अर्धा तास. तिच्या बालपणीचा एकेक प्रसंग आठवून माफी मागू लागलो. बरेचसे तर तिला आठवतही नव्हते. मनात तारखावार यादीच होती म्हणा ना. शेवटी एके दिवशी ती हसू दाबत म्हणाली, “बाबा, आता चुकल्याचं सुद्धा तुम्ही बरोबरच करायला बघताय की!”

तिची आई आतून म्हणाली, “सोड गं त्यांना. तसंच आहे ते.”

‘तसंच आहे ते.’ पंचवीस वर्षे संसार केलेल्या बाईने काढलेला हा निष्कर्ष. त्यात राग नव्हता आणि कौतुकही नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटले, की असे असणेही चालते बहुधा. मी जेम्स मिल नाही, आणि सानेगुरुजींची श्यामची आईही नाही. मी मागावरच्या घरातून आलेला, चुका काढायची सवय लागलेला एक मास्तर आहे. त्या सवयीने शाळेतली शेकडो मुले धड लिहायला शिकली, आणि त्याच सवयीने माझी मुलगी माझ्यापाशी गप्प झाली. दोन्ही खरे आहे. पहिल्याने दुसऱ्याची भरपाई होत नाही. दुसऱ्याने पहिले खोटे ठरत नाही. आपला निकाल आपणच लावायची घाई करू नये. तो अधिकार मुलांचा. आणि इतिहासाचा अनुभव असा, की मुले आपल्यापेक्षा उदार परीक्षक असतात. कडू वाक्ये पहिल्या मसुद्यात लिहितात आणि पुष्कळदा खोडूनही टाकतात. आपण फक्त एवढे करावे, की त्यांनी ती आपल्यासमोर लिहिली तरी आपण मोडून पडणार नाही, हे त्यांना दिसू द्यावे.

तिचे ते दोन विषय पुढे सुटले. एकात काठावर. आता ती बंगळूरला नोकरी करते. कचेरीत कन्नड, इंग्रजी आणि थोडे हिंदी बोलते. मराठी बोलते ते आमच्याशी, फोनवर. गेल्या रविवारी फोन आला. तिकीट मिळाले होते, आवाजात घाई होती. “बाबा, दिवाळीला धनत्रयोदशीच्या सकाळी येतो मी.”

“येते,” माझ्या तोंडून निघून गेलेच.

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती मोठ्याने हसली आणि म्हणाली, “येतो! स्टँडवर या न्यायला.” आणि फोन ठेवला.

मी जाणार आहे.